आराखडाही हवा, चाचपणीही हवी

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांनी पंचवीस-तीस वर्षे पाळ्या केल्या, त्यांची मुले-मुली आज पुण्याच्या हिंजवडीत, बंगळुरूत, तर काही नाशिकमध्येच घरी बसून संगणक कंपन्यांचे काम करीत आहेत. ही आनंदाची गोष्ट होय. पण आपली मुलगी नेमके काय काम करते, असे कोणी विचारले तर आई-वडिलांना सांगता येत नाही. फोनवर कानी पडतात ते शब्द असे : स्प्रिंट, स्टँडअप, स्क्रम, बॅकलॉग. बॅकलॉग म्हटले की आपल्याला राखीव जागांचा अनुशेष आठवतो! येथे त्याचा अर्थ वेगळा आहे. करावयाच्या कामांची महत्त्वानुसार लावलेली यादी म्हणजे बॅकलॉग. त्या यादीतून दोन-तीन आठवड्यांत पुरे होईल एवढे काम उचलायचे, म्हणजे स्प्रिंट. आणि रोज सकाळी उभ्या-उभ्या पंधरा मिनिटे, काल काय झाले, आज काय करणार, कुठे अडले, हे एकमेकांना सांगायचे ते स्टँडअप.

ही झाली नवी पद्धत. तिला ॲजाइल, म्हणजे चपळ, म्हणतात. जुनी पद्धत याच्या उलट होती. आधी ग्राहकाच्या सर्व गरजा लिहून घ्यायच्या, त्यावर सह्या घ्यायच्या, मग आराखडा, मग प्रोग्रॅम लिहिणे, मग तपासणी आणि वर्ष-दोन वर्षांनी सारे एकदम ग्राहकाच्या हाती द्यायचे. पाणी खाली कोसळते, परत वर चढत नाही, तसे हे काम. म्हणून त्याला वॉटरफॉल, धबधबा, असे नाव पडले. गंमत अशी की विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याने १९७० साली ज्या निबंधात ही पायऱ्यांची आकृती काढली, त्याच निबंधात त्याने ही रीत धोक्याची आहे असे बजावले होते व आधी एक लहान नमुना करून पाहा, असेही सुचविले होते. लोकांनी आकृती तेवढी उचलली, इशारा सोडून दिला.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात स्नोबर्ड येथे सतरा जण जमले व त्यांनी ॲजाइलचा जाहीरनामा काढला. चालणारी प्रणाली कागदांच्या ढिगापेक्षा मोलाची, बदलाला सामोरे जाणे ठरल्या योजनेला चिकटण्यापेक्षा मोलाचे, असा त्याचा रोख. मात्र योजना, करार आणि कागदपत्रे यांनाही मोल आहेच, हेही त्यांनी त्यातच लिहून ठेवले. हे दुसरे वाक्य पुष्कळांना आठवत नाही. 'आम्ही ॲजाइल आहोत, आम्हांला नियोजन लागत नाही' असे म्हणणारे साहेब भेटतात, ते यामुळेच.

मूळ कारखान्यातच आहे

कारखान्यात आयुष्य घालविलेल्या वाचकांना यातले बरेचसे परके वाटू नये. कानबान कार्ड ज्यांनी हाताळले आहे, त्यांनी मुलीच्या संगणकावरचा 'कानबान बोर्ड' एकदा जरूर पाहावा. जपानच्या टोयोटा कारखान्यात पुढच्या खात्याला लागेल तेवढाच माल मागच्या खात्याने द्यावा म्हणून जी कार्डे निघाली, तीच संगणकाच्या पडद्यावर आली आहेत. 'स्क्रम' हा शब्दही कारखान्यांच्या अभ्यासातून आला. ताकेउची व नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ साली होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांत नवी वस्तू कशी घडते ते पाहिले. आराखडा, उत्पादन व विक्री ही खाती एकामागून एक काम न करता रग्बीच्या संघासारखी एकत्र चेंडू पुढे नेतात, असे त्यांनी लिहिले. सॉफ्टवेअरवाल्यांनी हा शब्द तेथून घेतला.

आणि आपल्या नाशिकचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. महिंद्र कंपनीची स्कॉर्पिओ गाडी जून २००२ मध्ये बाजारात आली. ती नाशिकमध्ये घडली. अमेरिकेतील जनरल मोटर्सची नोकरी सोडून १९९३ साली आलेले पवन गोएंका यांच्याकडे या कामाची सूत्रे होती. जीपच्या घराण्यातील गाड्या करणाऱ्या कंपनीने अगदी कोऱ्या कागदावरून नवी गाडी आखायची ठरविली होती. आराखडा, खरेदी, उत्पादन, विक्री या सर्व खात्यांची माणसे मिसळून छोटे-छोटे गट केले गेले. सुटे भाग पुरविणाऱ्या कंपन्यांनाही सुरुवातीपासून सोबत घेतले. ड्रॉइंग भिंतीपलीकडे फेकून 'आता तुमचे तुम्ही बघा' म्हणण्याची जुनी रीत येथे मोडली. पण म्हणून मनाला येईल तसे काम झाले का? मुळीच नाही. खर्चाची मर्यादा आधी बांधलेली होती, गाडी किती किमतीला विकायची तेही नजरेसमोर होते. पत्र्याचे साचे एकदा पाडले की ते पुसून नवे काढता येत नाहीत. जे बदलणे महाग, ते आधी पक्के करायचे. जे वापरणाऱ्याला विचारूनच कळेल, ते शेवटपर्यंत मोकळे ठेवायचे.

सॉफ्टवेअरमध्ये दोन पद्धतींची सांगड घालायची तीही अशीच. केवळ सोमवारी स्टँडअप घेतला व शुक्रवारी जाडजूड अहवाल मागविला म्हणजे सांगड झाली, असे नव्हे.

शिष्यवृत्तीचा अर्ज घ्या. हा विषय आपल्या घराघरांतला आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. ती कोणी प्रोग्रॅमर आपल्या स्प्रिंटमध्ये बदलू शकत नाही. पैसे कोणत्या खात्यात जाणार, कोणत्या अधिकाऱ्याची मंजुरी लागणार, हिशेब कोण तपासणार, हे आधी लिहून, सही करून ठरले पाहिजे. येथे जुनी पद्धतच बरी. पण अर्जातला कोणता शब्द मुलांना कळत नाही, सुरगाण्याच्या मुलाच्या मोबाईलवर दाखला चढतो की नाही, शेवटच्या दिवशी हजारो मुले एकदम आली तर काय होते, हे मंत्रालयात बसून लिहिता येत नाही. ते चार महाविद्यालयांत मुलांच्या हाती देऊन, पाहून, सुधारून, पुन्हा देऊनच कळते. महाडीबीटी हे संकेतस्थळ २०१७ मध्ये सुरू झाले, तेव्हा पहिल्याच वर्षी तांत्रिक अडचणींमुळे शासनाला पुन्हा कागदावरचे अर्ज घेण्याची मुभा द्यावी लागली. मधल्या काळात महाविद्यालयाच्या खिडकीशी फीसाठी थांबलेले विद्यार्थी कोण होते, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

निकाल अडले, पासपोर्ट निघाले

त्याच २०१७ सालचा मुंबई विद्यापीठाचा घोळ तर साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांनी संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या, असे ठरले. कल्पना वाईट नव्हती. परंतु उन्हाळी परीक्षा सुरू झाल्यावर, एप्रिलच्या अखेरीस, कंपनीला काम दिले गेले आणि एकाच हंगामात सर्व शाखांच्या सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका या नव्या यंत्रणेवर टाकल्या गेल्या. कायद्याप्रमाणे निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लागायला हवा. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही टळली. इतर विद्यापीठांच्या प्राध्यापकांना मदतीस बोलवावे लागले. ४७७ परीक्षांचे निकाल पुरे होता-होता सप्टेंबर उजाडला आणि २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पुढील शिक्षणाचे प्रवेश हुकलेल्या मुलांचे वर्ष मात्र कोणी परत दिले नाही.

येथे कोणती पद्धत चुकली? माझ्या मते दोन्हींतले वाईट तेवढे घेतले गेले. जुन्या पद्धतीतली न हलणारी तारीख घेतली, पण तिच्यातले आधीचे नियोजन आणि प्रशिक्षण घेतले नाही. नव्या पद्धतीतली घाई घेतली, पण 'थोडे करा, पाहा, मग वाढवा' हे सोडले. आधी एखादी लहान शाखा एक हंगाम पडद्यावर तपासली असती व बाकीचे कागदावर चालू ठेवले असते, तर दोष त्या शाखेपुरते उघडे पडले असते.

याच्या शेजारी पासपोर्टचे काम ठेवून पाहा. पासपोर्टच्या पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापल्या जातात, हे नाशिककरांना ठाऊक आहेच. अर्ज घेण्याची सारी व्यवस्था संगणकावर आणण्याचा करार २००८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसशी झाला. करार पक्का, १९६७ चा पासपोर्ट कायदा पक्का. पासपोर्ट द्यायचा की नाही हा निर्णय सरकारी अधिकाऱ्याचाच, हेही पक्के. म्हणून केंद्रात 'अ' खिडकीवर कंपनीचे कर्मचारी कागद घेतात व 'ब' आणि 'क' खिडकीवर शासकीय अधिकारी बसतात. पण २०१० मध्ये आधी कर्नाटक व चंदीगड येथील मोजक्या केंद्रांवर काम सुरू झाले. तेथे त्रयस्थ यंत्रणेने तपासणी केली आणि मगच पुढची केंद्रे उघडली. जून २०१२ पर्यंत ७७ केंद्रे झाली. ठरल्यापेक्षा उशीर झाला, त्याबद्दल टीकाही झाली. तेव्हा कोणी त्याला ॲजाइल म्हटले नसेल. परंतु बाहेरून करार व कायद्याचे कुंपण आणि आत टप्प्याटप्प्याने शिकत जाणे, ही सांगड त्यात होती.

आता आपल्या मुला-मुलींविषयी. अनेक कंपन्यांत ग्राहकाशी करार होतो तो ठरीव रकमेचा, ठरीव तारखेचा. आत मात्र स्प्रिंट चालतात व ग्राहक दर पंधरा दिवसांनी नवे काही मागतो. रक्कम हलत नाही, तारीख हलत नाही, काम वाढत जाते. मग हलते काय? मुलांची झोप! सांगडीचा पहिला नियम असा की नवे काम आत आले तर तेवढेच जुने काम यादीतून बाहेर जाईल, नाहीतर तारीख पुढे जाईल, आणि हे लेखी होईल. याला चेंज रिक्वेस्ट म्हणतात. ती मागणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे. नव्याने लागलेल्या मुलांनी आपल्या प्रकल्पप्रमुखाला करार कोणत्या प्रकारचा आहे, हे पहिल्याच महिन्यात विचारून घ्यावे.

दुसरी अडचण बोलण्याची. स्टँडअपमध्ये 'मी अडलो आहे' असे सांगणे हेच त्या बैठकीचे प्रयोजन आहे. आपल्या समाजातील अनेक मुले-मुली घरातले पहिले पदवीधर असतात, मराठी माध्यमातून आलेली असतात. इंग्रजी अडखळते, म्हणून ती 'सर्व ठीक' म्हणून मोकळी होतात व रात्री एकटी झगडत बसतात. चार दिवसांनी तीच अडचण दहापट होऊन बाहेर येते. यावर उपाय साधा आहे. सांगायची तीन वाक्ये आदल्या संध्याकाळी लिहून ठेवावीत. संघातील वडीलधाऱ्यांनीही आधी आपली अडचण सांगावी, म्हणजे धाकट्याला धीर येतो. जेथे अडचण सांगणाऱ्याची खिल्ली उडते, तेथे कितीही बोर्ड लावले तरी ॲजाइल होत नाही.

ज्यांना पुढे प्रकल्पप्रमुख व्हायचे आहे, त्यांनी दोन्ही शिकावे. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट जुन्या, शिस्तबद्ध पद्धतीची मोठी पुरस्कर्ती. तिनेही २०१७ साली आपल्या मुख्य ग्रंथाबरोबर ॲजाइलची वेगळी मार्गदर्शिका काढली व तीत दोहोंच्या मिश्रणाला जागा दिली. स्क्रमची मूळ मार्गदर्शिका तर मोफत मिळते आणि ती इतकी छोटी आहे की एका रविवारी वाचून होईल. वाचताना घरात कारखान्यात काम केलेले कोणी असतील, तर त्यांना जवळ बसवून घ्यावे. कानबानचा विषय निघाला की पुढचे तेच सांगतील.