पिल्सेनचें पाणी आणि जर्मनांची पिल्सनेर

विरजण बिघडलें कीं घरांतील सगळें दूध वायां जातें, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. बिअरची कथा या पृष्ठांत पाहून कोणी कपाळास आंठ्या घालतील. परंतु येथें पेल्याची भलावण करावयाची नसून आंबविण्याच्या एका कलेची हकीकत सांगावयाची आहे, आणि ती कला विरजणाहून फारशी दूरची नाहीं.

बोहेमियांतील पिल्सेन गांवीं १८३८ सालीं नगरगृहासमोर छत्तीस पिंपें बिअर रस्त्यावर ओतून देण्यांत आली. ती पिण्याच्या लायकीची उरली नव्हती. तेथें वापरलें जाणारें किण्व उबेंत वर तरंगून काम करी आणि त्यांत नको त्या जंतूंचा शिरकाव सहज होई. लाजेनें म्हणा वा संतापानें म्हणा, बिअर करण्याचा हक्क असलेल्या नागरिकांनीं एकत्र येऊन नवा कारखाना उभारला आणि बव्हेरियांतील फिल्सहोफेन गांवचा योझेफ ग्रोल यास बोलाविलें. ५ ऑक्टोबर १८४२ रोजीं त्यानें पहिलें आधण चढविलें.

ग्रोलनें आणलेलें बव्हेरियन किण्व थंडींत, भांड्याच्या तळाशीं बसून काम करणारें होतें. आंबलेलें पेय मग कित्येक आठवडे गार तळघरांत मुरत ठेवावयाचें. 'लागेर' या जर्मन शब्दाचा अर्थच सांठवण. बव्हेरियांतील बिअर तोंवर काळसर असे. येथें मात्र मोड आणलेले जव इंग्रजी पद्धतीच्या भट्टींत, धूर न लागूं देतां, फिकट राहतील असे वाळविले होते. जवळच्या झाटेत्स प्रांतींचीं सुवासिक हॉपफुलें होतीं. आणि पिल्सेनचें पाणी तर क्षारांचा लेशही नसावा इतकें मृदु. पेय उतरलें तें सोनेरी!

जर्मनीनें ही रीत झपाट्यानें उचलली. ड्रेस्डेननजीक राडेबर्ग येथें १८७२ सालीं कारखाना निघाला, आणि त्याच दशकांत लिंडेच्या शीतयंत्रानें तळघरांतील बर्फाची चिंता मिटविली. पण किण्व नेतां येतें, कृति नेतां येते, पाणी कसें न्यावें? जर्मनींत बहुतेक ठिकाणीं पाणी अधिक जड. त्यांत हॉपचा कडवटपणा धारदार होतो. शिवाय जर्मन कारागीर जवांतील साखर जवळजवळ पुरती आंबवितात. म्हणून बोहेमियन पिल्सनेरमध्यें भाजल्या पावासारखी जी किंचित् गोडी रेंगाळते, ती जर्मन पिल्सनेरमध्यें आढळत नाहीं. रंग अधिक फिका, फेंस पांढराशुभ्र, वास ओल्या गवताचा नि फुलांचा, आणि शेवट कोरडा, कडू व स्वच्छ. उत्तरेकडील फ्रीसलंडांतील येव्हर गांवची तर विशेषच कडू. माझ्या मतें हिला नक्कल म्हणणें अन्यायाचें आहे.

पिल्सेनकरांस तें पटलें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीं म्यूनिकच्या एका कारखान्याविरुद्ध नांवासाठीं दावा लावला. न्यायालयानें पिल्सनेर हें आतां गांवाचें नव्हे, प्रकाराचें नांव आहे असें ठरविलें. त्याच सुमारास पिल्सेनकरांनीं आपल्या पेयास 'उर्केल', म्हणजे मूळ झरा, हें विशेषण जोडलें.

जर्मनांस अभिमान आहे तो बव्हेरियाच्या १५१६ च्या कायद्याचा: बिअरमध्यें जव, हॉप आणि पाणी यांखेरीज कांहीं घालूं नये. किण्वाचें त्यांत नांवही नाहीं! १९०६ मध्यें तो सबंध साम्राज्यास लागू झाला. १९८७ मध्यें युरोपीय न्यायालयानें परदेशी बिअरला तो लावूं नये असें ठरविलें, तरी जर्मन कारखाने स्वतः त्यालाच धरून आहेत.

आणि ग्रोल? १८४५ मध्यें त्याचा करार संपला तो पिल्सेनकरांनीं पुन्हां केला नाहीं. तो फिल्सहोफेनला परतला आणि १८८७ सालीं तेथेंच वारला. तोपर्यंत त्याच्या सोनेरी पेयाचें नांव जर्मनीभर झालें होतें. त्या नांवांत गांव होतें, ग्रोल नव्हता.