गणित येतं, पण उत्तर लिहिता येत नाही: पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सरावप्रश्न बनवताना

इंजिनिअरिंग आणि बी.एस्सी.चे प्रवेश आटोपले की सातारा-सांगलीकडच्या आपल्या घरांत सुटकेचा निःश्वास टाकला जातो. सीईटी झाली, कॅप राउंड झाले, फी कशीबशी भरली. मग पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागतो आणि पोरगं हळूच सांगतं, 'अब्बा, एम-वन राहिला.' एम-वन म्हणजे इंजिनिअरिंगचं पहिलं गणित. दहावीला गणितात मार्क चांगले, पर्सेंटाइलही बरं, मग झालं काय? हे पालक आम्हाला विचारतात. कॉलेजात कुणाला विचारायचं ते ठाऊक नसतं, म्हणून शाळेतल्या जुन्या सरांना विचारतात.

या प्रश्नातूनच साताऱ्यातल्या आणि सांगली-मिरजेतल्या आम्ही काही शिक्षकांनी मिळून एक काम हाती घेतलं. नुकत्याच कॉलेजात गेलेल्या मुलांसाठी मोबाईलवर सोडवता येतील असे गणिताचे सरावप्रश्न तयार करायचे. वाटलं होतं, सुट्टीतलं काम आहे. तसं ते निघालं नाही.

आधी सीईटीचं समजून घेऊ. एमएचटी-सीईटीत गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, प्रत्येकाला चार पर्याय, चुकलं तरी गुण कापले जात नाहीत. (एक्सच्या जागी इथे 'क्ष' लिहितो.) समजा विचारलं, क्ष² − 7क्ष + 12 = 0 याची मुळं कोणती? हुशार पोरगं समीकरण सोडवत नाही, पर्यायातले 3 आणि 4 घालून बघतं. इंटिग्रेशन विचारलं तर चारही पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढून जुळवतं. यात गैर काही नाही, परीक्षाच तशी आहे. पण दोन वर्षं क्लासमध्ये हीच सवय लागते आणि कॉलेजच्या पेपरात पर्यायच नसतात. कोरं पान असतं. म्हणून आम्ही पहिलंच ठरवलं की आपल्या सरावात पर्याय द्यायचे नाहीत, उत्तर मुलांनी स्वतः लिहायचं.

मग मोबाईलला कसं कळणार की लिहिलेलं बरोबर आहे? यासाठी स्टॅक नावाची मोफत प्रणाली आहे. ब्रिटनमधले गणिताचे प्राध्यापक ख्रिस सँगविन यांनी ती बर्मिंगहॅम विद्यापीठात असताना सुरू केली, 2004 पासून ती वापरात आहे आणि मूडल या तितक्याच मोफत शिक्षणप्रणालीत बसते. केनियातल्या मसेनो विद्यापीठातही ती वापरतात. तिच्या पोटात मॅक्झिमा हे बीजगणित करणारं सॉफ्टवेअर आहे. मुलानं (क्ष + 1)² लिहिलं आणि आपलं उत्तर क्ष² + 2क्ष + 1 असलं, तर ते दोन्हींची वजाबाकी करतं. शून्य आलं की दोन्ही एकच.

ऐकायला झकास वाटतं ना? आमचा पहिला फजितीचा प्रसंग इथेच घडला. 'अवयव पाडा' असा प्रश्न दिला होता. एका मुलानं प्रश्नातली राशी जशीच्या तशी उत्तरात उतरवली आणि त्याला पूर्ण गुण मिळाले! मोबाईलचं म्हणणं खरंच होतं, दोन्ही राशी समान आहेत. आम्हीच त्याला सांगायला विसरलो होतो की नुसती समान नको, अवयवांच्या रूपात हवी. तशी अट घालायची सोय स्टॅकमध्ये आहे, आपल्याला सुचली पाहिजे एवढंच.

दुसरी गंमत आकड्यांची. एकच प्रश्न प्रत्येक मुलाला वेगवेगळ्या आकड्यांनी देता येतो, म्हणजे शेजारच्याचं उत्तर उतरवून उपयोग नाही. दोन मुळं यदृच्छेनं निवडायची आणि त्यांवरून समीकरण बनवायचं. पण दोन्ही मुळं 4 आणि 4 आली तर? उत्तराच्या दोन चौकटी आणि मूळ एकच, पोरगं बसलं डोकं खाजवत. 3 आणि −3 आली तर मधलं पदच उडतं आणि प्रश्न एकदम सोपा होतो. एकाला अवघड आणि दुसऱ्याला फुकटचा, हा अन्याय झाला. तेव्हापासून संगणकानं बनवलेला प्रत्येक नमुना आम्ही आधी स्वतः बघतो, मगच मुलांपुढे ठेवतो.

खरी मेहनत मात्र चुकीच्या उत्तरांवर आहे. नुसतं 'चूक' म्हटलं की मूल शिकत नाही, दुसरा अंदाज मारतं. आम्ही सगळ्यांनी वह्या तपासताना वर्षानुवर्षं पाहिलेल्या चुका एकत्र केल्या. (क्ष + 3)² म्हणजे क्ष² + 9, ही तर घरोघरची. आता कुणी असं लिहिलं की मोबाईल सांगतो: क्षच्या जागी 1 ठेवून बघ, एका बाजूला 16 येतात, दुसऱ्या बाजूला 10. उत्तर सांगत नाही, परत बघायला लावतो. साइन 3क्षचं डेरिव्हेटिव्ह नुसतं कॉस 3क्ष लिहिलं, तर विचारतो की आतल्या 3चं काय केलंस?

मग मुलांबरोबर चाचणी. शेजारी बसायचं, मूल काय करतं ते बघायचं आणि तोंड बंद ठेवायचं. मास्तर माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. पण जे कळलं ते असंच कळलं. एका मुलाचं उत्तर बरोबर असून सारखं नाकारलं जात होतं. बघतो तर त्याच्या फोनचा कीबोर्ड मराठीत, आकडे देवनागरी. दुसऱ्यानं 1/2क्ष लिहिलं. त्याच्या मनात 1 भागिले 2क्ष होतं, मशीननं घेतलं अर्धा क्ष. घाताचं चिन्ह कीबोर्डवर कुठे आहे हे तर कुणालाच सापडेना. 'सर, आताय, पर लिखने नहीं आरा,' असं एक मुलगी वैतागून म्हणाली. यात गणिताची चूक कुठे आहे? म्हणून आता सुरुवातीचे प्रश्न फक्त टाइप कसं करायचं हे शिकवतात आणि लिहिलेलं मशीनला कसं दिसतंय ते आधी दाखवलं जातं.

उर्दू माध्यमाच्या मुलींकडून आम्ही सगळ्यात जास्त शिकलो. दहावीपर्यंत मुसल्लस, मसावात, कसर. अकरावी सायन्सला एकदम ट्रायँगल, इक्वेशन, फ्रॅक्शन. नावं महिन्याभरात पाठ होतात, अडतात ती छोटी इंग्रजी वाक्यं. नाणं तीनदा उडवलं, 'ॲट मोस्ट वन हेड' येण्याची शक्यता किती? एकीनं 3/8 लिहिलं. मोठ्यानं वाचायला सांगितलं तेव्हा कळलं, तिनं अर्थ 'नेमका एकदा' असा घेतला होता. 'ज़्यादा से ज़्यादा एक' म्हटल्याबरोबर तिनं एकही छापा न येण्याची शक्यता मिळवली आणि 1/2 लिहिलं. आता अशा शब्दांवर बोट ठेवलं की उर्दू आणि मराठी अर्थ दिसतो. प्रश्न इंग्रजीतच ठेवलाय, कारण पेपर इंग्रजीत असणार. (नवव्या शतकातल्या अल-ख्वारिज़्मींच्या ग्रंथातल्या 'अल-जब्र'वरून अल्जेब्रा शब्द आला, हे आपल्या मुलांना जलशांतून पाठ असतं. त्याच पोरांना कंस सोडवताना चिन्ह बदलायचं राहतं, ते कोण बघणार?)

शेवटी बी.एड.ला घोकलेलं काठिण्यमूल्य आणि भेदनक्षमता कामी आली. किती मुलांनी प्रश्न बरोबर सोडवला हे पहिलं. वरच्या गटातली मुलं खालच्या गटापेक्षा त्यात किती पुढे आहेत हे दुसरं. परीक्षेत 27 टक्क्यांचे गट पाडून हे आम्ही हातानं काढलं होतं, मूडल असे आकडे स्वतःच काढून देतं. एका प्रश्नात उलटं चित्र आलं, हुशार मुलं चुकत होती आणि कच्ची मुलं बरोबर! प्रश्न होता क्ष²चं वर्गमूळ. आमच्या उत्तरसूचीत 'क्ष' होतं. हुशार मुलांनी क्षची केवल किंमत लिहिली होती, कारण क्ष ऋण असला तर उत्तर −क्ष येतं. म्हणजे चूक आमची. प्रश्न काढून टाकला नाही, सूची दुरुस्त केली आणि त्या मुलांना तसं सांगितलं.

पालकांना एवढंच सांगायचंय: यात मार्क नाहीत, कुणाचा निकाल कुणाला दिसत नाही, एक प्रश्न दहादा सोडवता येतो. बऱ्याच घरांत एकच चांगला फोन असतो आणि तो भाईजानकडे असतो. मग्रिबनंतर अर्धा तास तो मुलीच्या हातात द्या आणि ती एकाच प्रश्नावर अडून बसलेली दिसली तर 'पुढचा घे' म्हणू नका. सध्या आम्ही मॅट्रिक्सचे प्रश्न तपासतोय. नऊ आकडे छोट्या स्क्रीनवर भरायचे कसे, इथे गाडी अडलीय.