इंचभर शिपायावरचा उजेड

टेबलावर खेळायच्या युद्धखेळांतला शिपाई जेमतेम 28 मिलिमीटर उंच असतो. सुमारे 36 मीटर लांब उभा असलेला खरा माणूस आपल्याला जेवढा दिसतो, तेवढाच हा शिपाई 60 सेंटिमीटरवरून दिसतो. इतक्या लांबच्या माणसाच्या सदऱ्याच्या चुण्या आपल्याला धड दिसत नाहीत, तो कुठे बघतोय हेही कळत नाही. पण नीट रंगवलेला शिपाई समोर ठेवा. झग्याची घडी न् घडी, पट्ट्याची पितळी बक्कल, गालावरचा व्रण, सगळं लख्ख दिसतं! कारण त्यातली प्रत्येक सावली आणि प्रत्येक चमक कुणीतरी हाताने तिथे ठेवलेली असते. नवशिका ब्रश हातात घेतो तेव्हा त्याला वाटतं, आपण शिपाई रंगवायला शिकतोय. खरं तर तो उजेड रंगवायला शिकत असतो.

हा छंद मूळचा इंग्लंडमध्ये रुजलेला. एच. जी. वेल्स या विज्ञानकथाकाराने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तकच लिहिलं; त्यात जमिनीवर खेळण्यातले सैनिक मांडून स्प्रिंगच्या तोफेने लढायचे नियम आहेत. पुढे भयपटांमुळे गाजलेला नट पीटर कुशिंग असे सैनिक स्वतः रंगवायचा. 1956 सालच्या एका वृत्तपटात तो त्यात रमलेला दिसतो. आज या जगाचं केंद्र नॉटिंगहॅम आहे. 1975 साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘गेम्स वर्कशॉप’चं मुख्यालय तिथे आहे. त्यांचा ‘वॉरहॅमर’ 1983 मध्ये आला आणि दूरच्या भविष्यातला ‘वॉरहॅमर 40,000’ 1987 मध्ये. आजूबाजूला अशा इतक्या कंपन्या आहेत, की त्या टापूला ‘लेड बेल्ट’ म्हणजे शिशाचा पट्टा म्हणतात. पूर्वी हे सैनिक शिशाच्या मिश्रधातूत ओतले जायचे. आता बहुतेक पॉलिस्टायरीन प्लास्टिकचे असतात आणि चौकटीला जोडलेल्या सुट्या भागांत मिळतात. भाग कापायचे, साच्याची रेघ खरवडायची आणि चिकटवायचे. यासाठीचा गोंद प्लास्टिकला किंचित विरघळवतो, त्यामुळे दोन तुकडे एकजीव होतात.

मग प्रायमरचा हात, आणि त्यावर रंग. रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक असतात. पाण्यात प्लास्टिकसारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, रंगद्रव्यही त्यांच्यासोबत असतं. पाणी उडून जातं तसे ते कण एकमेकांवर दाबले जातात, आणि शेवटी एकमेकांत मिसळून त्यांचा सलग पापुद्रा होतो. एकदा तो झाला की पुन्हा पाणी लावून रंग सुटत नाही. म्हणूनच वाळलेल्या रंगावर लगेच दुसरा रंग देता येतो. पण घोटाळाही इथेच होतो. शिपायाच्या चिलखतावरची खाच कधीकधी अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद असते. बाटलीतला दाट रंग तसाच थापला तर मूर्तिकाराने कोरलेली खाच बुजलीच. म्हणून पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचे दोन हात द्यायचे. डंकन ऱ्होड्स या शिपाई रंगवणाऱ्या ब्रिटिश कलाकाराच्या तोंडचं ‘दोन पातळ हात’ हे वाक्य तर इतकं पसरलं, की पुढे त्याने आपल्या रंगांनाही तेच नाव दिलं.

ब्रशची गोष्ट त्याहून गमतीची. इंचभर शिपाई म्हणजे सगळ्यांत बारीक ब्रश हवा, असं कुणालाही वाटेल. पण तीन शून्यांच्या ब्रशच्या टोकावरचा रंगाचा कण शिपायापर्यंत पोचेतो सुकायला लागतो. जाणकार एक नंबरचा ब्रश घेतात, टोक मात्र सुईसारखं हवं. रंगाचा साठा ब्रशच्या पोटात राहतो आणि केसांमधल्या फटींतून टोकाकडे झिरपत राहतो.

माझ्या मते नवशिक्याला पहिल्यांदा खरं थक्क करतो तो वॉश. वॉश म्हणजे गढूळ पाण्याइतका पातळ, गडद रंग. तो अख्ख्या शिपायावर सोडून द्यायचा. उंच भागांवरून तो आपोआप ओसरतो आणि घड्यांमध्ये, बोटांच्या मधे, दाढीच्या केसांत जाऊन बसतो. अरुंद खाचेत द्रवाला दोन्ही बाजूंच्या भिंती धरून ठेवतात, तेच पृष्ठताणाचं काम. काही मिनिटांपूर्वी सपाट तपकिरी दिसणारा झगा एकदम कापडासारखा दिसायला लागतो. इथे चित्रकलेचा गंध नसलेल्या माणसाच्या हातून चित्रकाराची सावली पडते, आणि ती पाडतं पाणी!

पण हाच वॉश सपाट खांद्यावर साचून राहिला, तर वाळल्यावर कडेला काळपट वर्तुळ उमटतं. ओट्यावर सांडलेला चहाचा थेंब वाळताना हेच करतो. असं का होतं, ते शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 1997 साली ‘नेचर’मध्ये उलगडून दाखवलं. थेंबाची कड पृष्ठभागाला धरून बसते आणि तिथून पाणी सर्वांत वेगाने उडतं. ती तूट भरायला मधलं पाणी सतत कडेकडे धावतं आणि जाताना कण वाहून नेतं. त्यामुळे थेंब वाळतो तेव्हा मधे जवळपास काहीच उरत नाही, सगळं किनाऱ्याला लागलेलं असतं. उपाय सोपा आहे: वॉश ओला असतानाच सपाट जागी साचलेलं तळं धुतलेल्या, ओलसर ब्रशच्या टोकाने टिपून घ्यायचं.

आता राहतो उजेड. आपल्या डोळ्याला साधारण एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येतो, म्हणजे 60 सेंटिमीटरवर जवळजवळ पावणेदोन दशांश मिलिमीटर. शिपायाच्या झग्यावरची खरी सावली याच मापाच्या आसपास असते, त्यामुळे ती आजूबाजूच्या रंगात विरून जाते. रंगवणारा म्हणून ती मुद्दाम वाढवून देतो. घडीत मूळ रंगापेक्षा कितीतरी गडद, कंगोऱ्यावर कितीतरी फिका. जवळून पाहिलं तर भडक वाटतं, हातभर अंतरावरून अगदी बरोबर.

याच युक्तीचं टोक म्हणजे धातूचा रंग न वापरता रंगवलेली तलवार. चकचकीत धातूला स्वतःचं रूप फारसं नसतं. तो आभाळ दाखवतो, जमीन दाखवतो आणि दोहोंच्या सीमेवर काळ्याला एकदम पांढरं भिडतं. नेमकी तीच उडी करड्या रंगाच्या चार छटांत पात्यावर मांडली, की प्लास्टिक पोलादासारखं चमकतं. दिवा हलवला तरी ती चमक जागची हलत नाही, कारण ती दिव्याची नाहीच.

डोळ्यांची धास्ती सगळ्यांनाच असते. आपल्याकडे पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी शेवटी होते, आणि ती सरावलेल्या हाताकडेच जाते. शिपाई रंगवणारे बरेच जण उलटं करतात. चेहऱ्यावर आधी डोळेच घेतात. पांढरी रेघ, तीवर गडद ठिपका, आणि मग त्वचेच्या रंगाने वरून-खालून पापण्या रेखत पांढरा भाग हवा तेवढाच उरवतात. चुकलं तरी त्वचेचा रंग ते झाकून घेतो. ठिपके बरोबर मधोमध दिले तर शिपाई भूत पाहिल्यासारखा टक लावून बघतो. शिवाय एखादा केसभर जरी सरकला तरी तो चकणा होतो. म्हणून दोन्ही ठिपके एकाच कोपऱ्याकडे टेकवतात. शिपाई बाजूला बघायला लागतो, आणि पाहणाऱ्याचीही मान नकळत तिकडे वळते.