द्राक्षवेलींचे पर्णपोषण : वेलीची वाढ व फळांची प्रत यांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

महाराष्ट्रातील द्राक्षशेतीत पानांवाटे अन्नद्रव्ये देण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. तथापि फवारणीतून वेलीला नेमके काय व किती मिळते, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. प्रस्तुत लेखात पानांतून होणाऱ्या शोषणाची प्रक्रिया, मुख्य व सूक्ष्म अन्नद्रव्यांतील फरक, वेलीच्या अवस्थेनुसार फवारणीची वेळ आणि अतिरेकाचे धोके यांचा परामर्श घेतला आहे. पर्णपोषण हे उणीव दुरुस्त करण्याचे साधन आहे, जमिनीतून होणाऱ्या पोषणाला ते पर्याय ठरू शकत नाही, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन होय.

महत्त्वाच्या संज्ञा : पर्णपोषण, देठ परीक्षण, सूक्ष्म अन्नद्रव्ये, सूक्ष्मघडनिर्मिती, उर्वरित अंश.

प्रस्तावना

देशातील द्राक्ष उत्पादनात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे हे जिल्हे त्यात अग्रभागी आहेत. थॉम्पसन सीडलेस, त्यातून निवडलेले तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन आणि काळ्या द्राक्षांत शरद सीडलेस अशी वाणे येथे रुजली. १९६० साली स्थापन झालेला महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ आणि १९९७ साली पुण्याजवळ मांजरी येथे सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांमुळे या पिकामागे संशोधनाचे व संघटनेचे बळ उभे राहिले.

असे असूनही बागाईतदाराचा खर्च वर्षागणिक वाढत आहे. त्या खर्चाचा मोठा भाग फवारणीवर होतो. रोगकीडनाशकांची फवारणी पुष्कळदा अपरिहार्य असते. अन्नद्रव्यांच्या फवारणीबाबत मात्र गरज आणि सवय यांतील सीमारेषा पुसट झाली आहे. शेजारच्या बागेत जे मारले ते आपल्याही बागेत मारावे, अशी वृत्ती बळावली आहे. म्हणून या पद्धतीमागील शास्त्र समजून घेणे आवश्यक ठरते.

पानांवाटे शोषण कसे होते?

पानाचे प्रथम कार्य प्रकाशसंश्लेषणाचे आहे, अन्नद्रव्ये शोषण्याचे नव्हे. पानाच्या पृष्ठभागावर मेणयुक्त उपत्वचेचा थर असतो व तो पाण्याला सहजासहजी आत येऊ देत नाही. विरघळलेली क्षारद्रव्ये या थरातील अतिसूक्ष्म मार्गांनी आणि काही अंशी पर्णरंध्रांतून आत शिरतात. द्राक्षाच्या पानांत पर्णरंध्रे खालच्या बाजूस असतात. त्यामुळे पानाची केवळ वरची बाजू भिजविणारी फवारणी अपुरी ठरते.

द्रावण पानावर ओले असेपर्यंतच शोषण जोमाने चालते. भर दुपारी उष्ण व कोरड्या हवेत थेंब लवकर सुकतात, क्षार पृष्ठभागावर साचतात आणि प्रसंगी पानांच्या कडा करपतात. सकाळी अथवा सायंकाळी फवारणी करावी असे सांगितले जाते, त्यामागील कारण हेच आहे. पूर्ण उमललेले परंतु कोवळे पान हे जून पानापेक्षा अधिक शोषण करते, हेही लक्षात घ्यावे लागते.

आत शिरलेले अन्नद्रव्य पुढे कोठे जाते, हा याहून महत्त्वाचा प्रश्न होय. नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम ही द्रव्ये वेलीत एका भागातून दुसऱ्या भागाकडे वाहून नेली जातात. लोह फारसे हलत नाही. पिवळ्या पडलेल्या पानावर लोहाची फवारणी केली असता जेथे थेंब पडला तेथेच हिरवे ठिपके उमटतात, हा त्याचा दृश्य पुरावा आहे. कॅल्शियम तर पानातून घडाकडे जवळजवळ जातच नाही. त्यामुळे मण्यांसाठी दिलेले कॅल्शियम प्रत्यक्ष घडावर पडले पाहिजे.

मुख्य व सूक्ष्म अन्नद्रव्ये : एक साधा हिशेब

पर्णपोषणाची मर्यादा व सामर्थ्य ही दोन्ही एका साध्या गणिताने स्पष्ट होतात. एक टन द्राक्षांबरोबर सुमारे २ ते ३ किलो पालाश (मूलद्रव्य स्वरूपात) बागेबाहेर जाते. हेक्टरी २५ टन उत्पादन गृहीत धरल्यास केवळ फळांतून ५० ते ७५ किलो पालाश निघून जाते. पाने व काड्यांची गरज वेगळीच.

आता बागाईतदारांत ०:०:५० या नावाने परिचित असलेल्या सल्फेट ऑफ पोटॅशची फवारणी पाहू. लीटरला ५ ग्रॅम याप्रमाणे हेक्टरी १००० लीटर द्रावण वापरले तर ५ किलो खत लागते. त्यातील मूलद्रव्य पालाश सुमारे २ किलो भरते. त्यातीलही काही भाग जमिनीवर गळतो व काही पानांवर सुकून जातो. म्हणजे एका फवारणीतून फळांच्या गरजेचा अत्यल्प हिस्साच मिळतो. पालाशची गरज फवारणीने भागविण्याचा प्रयत्न हा घागरभर तहानेला ओंजळ पुरविण्यासारखा आहे.

जस्ताच्या बाबतीत हेच गणित उलटे होते. एक हेक्टर बागेची जस्ताची वार्षिक गरज काहीशे ग्रॅमच्या आत असते. २१ टक्के जस्त असलेले झिंक सल्फेट लीटरला ३ ग्रॅम याप्रमाणे १००० लीटर पाण्यातून फवारल्यास सुमारे ६३० ग्रॅम जस्त पडते. त्यातील थोडाच भाग शोषला गेला तरी उणीव दूर होण्यास मोठी मदत होते. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी फवारणी परिणामकारक का आणि मुख्य अन्नद्रव्यांसाठी ती केवळ पूरक का, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आपल्या जमिनींचा स्वभावही येथे विचारात घ्यावा लागतो. द्राक्षपट्ट्यातील अनेक जमिनी चुनखडीयुक्त असून त्यांचा सामू ७.५ ते ८.५ च्या दरम्यान आढळतो. अशा जमिनीत लोह व जस्त असूनही मुळांना उपलब्ध होत नाहीत. जमिनीत टाकलेले फेरस सल्फेट अल्पावधीत अविद्राव्य रूपात जाते. येथे चिलेटेड स्वरूपातील खते आणि पानांवाटे दिलेली सूक्ष्म अन्नद्रव्ये यांना खरे स्थान आहे.

उणिवेची लक्षणे व देठ परीक्षण

लोहाच्या कमतरतेत शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. मॅग्नेशियमच्या कमतरतेत हेच चित्र बुडाकडील जुन्या पानांवर दिसते. जस्त कमी पडल्यास पाने लहान राहतात आणि घडात मोठ्या मण्यांबरोबर बारीक, न वाढलेले मणी राहतात. बोरॉनच्या अभावी फलधारणा बिघडते. पालाशच्या अभावी जुन्या पानांच्या कडा करपतात व पक्वता असमान होते.

परंतु लक्षणे दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. शिवाय पाण्याचा ताण, क्षारांचे आधिक्य किंवा मुळांची इजा यांमुळेही तशीच लक्षणे उद्भवू शकतात. म्हणून देठ परीक्षण हा अधिक विश्वासार्ह मार्ग होय. एप्रिल छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी पाचव्या पानाचे देठ आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्याच्या वेळी घडासमोरील पानाचे देठ तपासणीसाठी घेतले जातात. नमुना बागेतील अनेक वेलींवरून घ्यावा व रोगट वेली वगळाव्यात.

निकष वापरताना सावधगिरी हवी. कॅलिफोर्नियात थॉम्पसन सीडलेससाठी फुलोऱ्याच्या वेळी देठातील जस्त १५ पीपीएमपेक्षा कमी असल्यास उणीव मानतात. तेथे वर्षातून एकच छाटणी होते. आपल्याकडे दोन छाटण्या होतात व बहुतांश बागा डॉगरीजसारख्या जोमदार खुंटावर आहेत. त्यामुळे परदेशी कोष्टके जशीच्या तशी लागू न करता येथील संशोधनावर आधारलेले निकष स्वीकारणे इष्ट ठरते.

अवस्थेनुसार फवारणी

एप्रिल छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात काडीवरील डोळ्यांत सूक्ष्मघडनिर्मिती होते. पुढील हंगामातील घडांची संख्या येथेच ठरते. या काळात नत्राचा मारा झाल्यास शेंडे वाढतात, मांडवावर दाट सावली होते आणि डोळे निष्फळ राहण्याची शक्यता वाढते. स्फुरद व पालाशयुक्त ०:५२:३४ ची फवारणी या टप्प्यावर केली जाते. मात्र शेंडा मारणे, विरळणी व डोळ्यांपर्यंत पोहोचणारा सूर्यप्रकाश यांची जागा ती घेऊ शकत नाही.

ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यापूर्वीचे दोन आठवडे जस्त व बोरॉनसाठी सर्वांत योग्य असतात, कारण फलधारणेवरील त्यांचा प्रभाव याच वेळी पडतो. बोरॉनबाबत मात्रा काटेकोर हवी. बोरिक आम्ल लीटरला सुमारे १ ग्रॅम पुरते. उणीव व विषबाधा यांमधील अंतर फार थोडे असल्याने अंदाजाने दिलेली दुप्पट मात्रा पानांना इजा करते.

कॅल्शियमची फवारणी फलधारणेनंतर लवकर व्हावी. लहान मण्यांत पाण्याच्या प्रवाहाबरोबर कॅल्शियम पोहोचते. मण्यांत पाणी उतरू लागले की तो प्रवाह मंदावतो व सालीवरील मेणाचा थरही दाट होतो. मणी तडकू लागल्यावर केलेली फवारणी बहुधा व्यर्थ जाते, त्याचे कारण हे आहे. साखर भरण्याच्या काळात पालाशचे महत्त्व वाढते. तथापि वाइनसाठीच्या द्राक्षांत पालाशचे आधिक्य रसाचा सामू वाढवून वाइनची प्रत बिघडवते, याचीही नोंद घ्यावी.

अतिरेक, मिश्रणे व उर्वरित अंश

कॅल्शियम नायट्रेट हे सल्फेट अथवा फॉस्फेटयुक्त खतात मिसळल्यास अविद्राव्य साका बसतो. तो पानालाही उपयोगी पडत नाही व नोझलही बंद करतो. पाणी उतरल्यानंतर घडांवर वारंवार फवारणी केल्यास मण्यांवरील नैसर्गिक पांढरट लेप पुसला जातो, पांढरे डाग राहतात आणि खाण्याच्या द्राक्षांचा बाजारभाव घसरतो.

याहून गंभीर धोका बाटलीत काय आहे हे न कळण्याचा आहे. २०१० साली युरोपीय संघाच्या बाजारपेठेत भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि निर्यातदार व बागाईतदार यांना मोठा आर्थिक फटका बसला. हे द्रव्य अन्नद्रव्य नव्हे, वाढनियंत्रक आहे. या प्रसंगाने एक धडा मिळाला : वेलीवर पडणाऱ्या प्रत्येक द्रावणातील घटक ज्ञात असला पाहिजे. ‘टॉनिक’ या सैल नावाखाली विकल्या जाणाऱ्या उत्पादनांना हे विशेष लागू पडते. २०२१ साली खत (नियंत्रण) आदेश, १९८५ मध्ये दुरुस्ती होऊन जैव-उत्तेजके नियमनाखाली आली, ही त्या दृष्टीने महत्त्वाची घटना होय.

निष्कर्ष

१. पालाश व नत्र यांचा पाया जमीन, सेंद्रिय खत व ठिबकमधून दिलेली खते हाच आहे. फवारणी त्याला पूरक आहे.

२. जस्त, बोरॉन, लोह यांसारख्या सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी, विशेषतः चुनखडीयुक्त जमिनीत, पर्णपोषण परिणामकारक व किफायतशीर ठरते.

३. मात्रेइतकीच वेळ महत्त्वाची आहे. योग्य अवस्था टळल्यानंतर केलेली फवारणी खर्च वाढविते, प्रत नव्हे.

४. देठ परीक्षणाशिवाय केलेली फवारणी हा केवळ अंदाज आहे.

या चौथ्या मुद्द्याबाबत द्राक्षपट्ट्यातील महाविद्यालयांना काही करता येण्यासारखे आहे. रसायनशास्त्र विभागात माती व पाण्याचा सामू, विद्युतवाहकता आणि मुक्त चुना तपासण्याची साधने बहुधा उपलब्ध असतात. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना योग्य रीतीने देठ गोळा करणे व लक्षणे नोंदविणे शिकविता येते. सूक्ष्म अन्नद्रव्यांचे विश्लेषण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे सोपवून, आलेला अहवाल बागाईतदाराला त्याच्या भाषेत समजावून देण्याचे काम महाविद्यालय करू शकते. कर्ज काढून बाग उभी करणाऱ्या कुटुंबाची एक अनावश्यक फवारणी जरी वाचली, तरी प्रयोगशाळेतील ज्ञान शिवारापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.