पॉवर दहापट केली, मग रेंजही दहापट?

हेडफोन हाताशी नसेल, तर या एपिसोडमधलं बोलणं इथे वाचा.

लहानपणी आजोबांच्या ट्रान्झिस्टरवर दिवसा आमचं जवळचं केंद्र स्वच्छ लागायचं. रात्री मात्र त्यात शिट्ट्या, खरखर आणि भलत्याच भाषेतली गाणी घुसायची. आजोबा म्हणायचे, "आपल्या केंद्राची पॉवर कमी पडते रे!" मलाही ते पटायचं. पण गोष्ट इतकी सोपी नाही.

अमेरिकेत हा प्रयोग खरंच झालाय. सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू या स्टेशनने १९३४ मध्ये पॉवर ५० किलोवॉटवरून थेट ५०० वर नेली. दहापट! मग रेंजही दहापट झाली का? नाही. सिग्नलची ताकद पॉवरच्या वर्गमुळाने वाढते. १० चं वर्गमूळ साधारण ३.१६, म्हणजे सिग्नल जेमतेम तिप्पट. त्यात दिवसा एएमच्या लहरी जमिनीला धरून जातात आणि वाटेत जमीन त्यांना शोषते. त्यामुळे अंतर तिप्पटही वाढत नाही. समुद्रावरून मात्र त्या लांबवर जातात, कारण खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं.

आता रात्रीची गंमत बघा. आकाशात आयनोस्फिअर नावाचा थर असतो. दिवसा त्याचा खालचा भाग एएमच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो भाग विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. तिथे त्याच किंवा शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर दुसरं कुणी बोलत असेल, तर झालीच धडक!

डब्ल्यूएलडब्ल्यू होतं ७०० किलोहर्ट्झवर आणि कॅनडातल्या टोरांटोचं सीएफआरबी ६९० वर. तिकडून तक्रार आली. मग डब्ल्यूएलडब्ल्यूला रात्री पॉवर उतरवावी लागली. कॅनडाच्या दिशेने सिग्नल दाबणारा अँटेना उभारल्यावरच रात्री पुन्हा ५०० ची मुभा मिळाली. १९३९ मध्ये तीही गेली. आज अमेरिकेत एएमची कमाल मर्यादा ५० किलोवॉटच आहे.

खरी मेख इथे आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवरच्या दोन स्टेशनांसाठी अमेरिकेतला हिशोब असा, की हवा असलेला सिग्नल नको असलेल्यापेक्षा २० पट जोरदार हवा. म्हणजे माझा सिग्नल तुमच्या गावात ऐकण्याच्या लायकीचा नसला, तरी तुमचं स्टेशन बिघडवायला पुरेसा असतो! पॉवर वाढवली की मला नवे श्रोते मिळतात थोड्या पट्ट्यात, पण दुसऱ्याचे श्रोते तुटतात कितीतरी मोठ्या पट्ट्यात.

अजून एक. रात्री स्टेशनपासून काही अंतरावर त्याचीच जमिनीवरची आणि आकाशातून परतलेली लहर एकमेकींत मिसळतात आणि आवाज वर-खाली होतो. पॉवर वाढवली तर दोन्ही सारख्याच वाढतात. त्यामुळे तो त्रासाचा पट्टा जागचा हलत नाही.

मग सगळ्यांनीच पॉवर वाढवली तर? भरल्या वर्गात सगळे एकदम ओरडायला लागले तर काय होतं, तेच. म्हणून रात्री कुणी किती जोरात आणि कुठल्या दिशेला बोलायचं, हे ठरवून घ्यावं लागतं.

आजोबा, आपलं केंद्र गरीब नव्हतं हो. रात्रीचं आकाश सगळ्यांचं होतं, एवढंच!

घरी जुना रेडिओ असेल तर आज दुपारी आणि रात्री तीच फ्रिक्वेन्सी लावून बघा. काय ऐकू आलं, ते मला नक्की कळवा.