परमुलखातील उमेदवारी

वसंत व्याख्यानमालेत दरसाल एखादा तरी विषय असा निघतो की, तो ऐकावयास तरुणांपेक्षा त्यांचे आईबापच अधिक येतात. आमचा विषय त्यातलाच आहे. चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चाकण येथील घरांतून आता मुलेमुली परदेशी शिकावयास जातात आणि शिकता शिकता एखाद्या मदतसंस्थेत काही महिने काम करावे अशी इच्छा धरतात. त्याला इंटर्नशिप म्हणतात. मराठीत त्यास जुना आणि नेमका शब्द आहे : उमेदवारी. वकिलाकडे, छापखान्यात, सुताराच्या दुकानात पूर्वी मुले करीत, ती हीच.

परंतु सुताराच्या उमेदवाराने लाकूड बिघडवले तर नुकसान लाकडाचे होते. युद्धाने वा दुष्काळाने पोळलेल्या माणसांच्या दारी उमेदवारी करताना बिघडावयाचे काय, हा प्रश्न आईबापांनी विचारला तर तो भित्रेपणाचा म्हणता येणार नाही.

या बाबतीत आपल्याकडे एक मोठे उदाहरण आहे. 1938 साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनने भारताकडे वैद्यकीय मदत मागितली आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख. ते स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सर्वांत वडील, डॉ. बसू व डॉ. मुखर्जी बंगाली, आणि पाचवे सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांचे वय तेव्हा पुरते अठ्ठावीसही नव्हते. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते नुकतेच बाहेर पडले होते. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर पथकातले उमेदवारच.

त्यांनी तेथे काय केले, हे चित्रपटामुळे पुष्कळांना माहीत आहे. चित्रपटात न मावणारी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते : ते चिनी भाषा शिकले, इतकी की पुढे त्या भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. पाचही जणांनी चिनी नावे घेतली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी चीनवाचक 'हुआ' हे अक्षर जोडले. मुदत संपल्यावर बाकीचे एकेक करून परतले. बसू व कोटणीस मागे राहिले. वडील वारल्याची बातमी आली तरी कोटणीस आले नाहीत. आम्ही यास आदर्श म्हणून पुढे करीत नाही, कारण त्या सोलापूरच्या घराने काय सोसले ते आपण केवळ कल्पनेनेच जाणू शकतो. 1941 साली ते बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालक झाले. 9 डिसेंबर 1942 रोजी, बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने त्यांचा अंत झाला.

हे बेथ्यून म्हणजे कॅनडाचे शल्यवैद्य. नोव्हेंबर 1939 मध्ये शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, तीत विष भिनले आणि ते गेले. एका बोटाच्या जखमेने! ऑक्सफर्ड येथे पेनिसिलिन माणसाला टोचून पाहिले गेले ते 1941 साली. बेथ्यून यांना ते सुमारे सव्वा वर्षाने चुकले.

आणि येथेच आमची गाडी सोलापूरहून निघून चीनमार्गे पिंपरीला येते.

1951 साली भारत सरकार, संयुक्त राष्ट्रांचा बालकनिधी व जागतिक आरोग्य संघटना यांच्यात करार झाला. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभारावयाचा, यंत्रसामग्री बालकनिधीने द्यावयाची आणि कसब आरोग्य संघटनेने. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि 1955 साली उत्पादन सुरू झाले. तेव्हा पिंपरी हे लहानसे खेडे होते. आजचा औद्योगिक पट्टा पुढचा.

आता पहा, यात उमेदवारी कशाला लागली? पेनिसिलिन ही एका बुरशीची निर्मिती. मोठमोठ्या टाक्यांत साखर व मक्याचा अर्क घालून, जंतुरहित हवा सतत खेळवून ती वाढवावी लागते. एक परका जंतू शिरला की सारी टाकी फुकट. कोणत्या नळाच्या सांध्यातून तो शिरतो हे ग्रंथात वाचून कळत नाही. ज्याने चालता कारखाना हाताळला त्यालाच कळते. म्हणून परदेशी तज्ज्ञ येथे आले आणि येथील तंत्रज्ञ शिष्यवृत्त्या घेऊन परदेशी गेले. तयार औषधाच्या पेट्या धाडणे सोपे होते. पण पेट्या संपतात.

कोटणीस शिकवावयास गेले आणि शिकले. पिंपरीचे लोक शिकावयास गेले आणि परत येऊन त्यांनी शिकविले. दोन्हीकडे कोणा एकाला फायदा व दुसऱ्याला उपकार, असा हिशेब नव्हता.

हल्लीच्या उमेदवारीत तो पुष्कळदा असतो, हे स्पष्ट बोलले पाहिजे. विद्यार्थ्याला प्रमाणपत्र हवे, संस्थेला फुकट हात हवा. संयुक्त राष्ट्रांच्या अनेक कचेऱ्यांत उमेदवारांना दीर्घकाळ एक छदामही मिळत नसे. 2015 साली जिनिव्हात एक तरुण उमेदवार तंबूत राहिला आणि साऱ्या जगात बोभाटा झाला. याचा खरा परिणाम गरीब देशांतील मुलांवर होतो. जिनिव्हात सहा महिने पदरचे खाऊन राहणे कोणत्या कामगाराच्या मुलाला शक्य आहे? आरोग्य संघटनेच्या वार्षिक सभेने 2018 साली यावर ठराव केला, उमेदवारांना भत्ता देण्याचे व विकसनशील देशांतील उमेदवारांचे प्रमाण निम्म्यावर नेण्याचे ठरविले.

कचेरीतली उमेदवारी वेगळी आणि प्रत्यक्ष संकटस्थळीची वेगळी. 'सीमेविना डॉक्टर' सारख्या संस्था अनुभवी माणसेच रणभूमीकडे धाडतात, आणि ते योग्यच आहे. जी संस्था पैसे घेऊन अठरा वर्षांच्या मुलाला छावणीतील लेकरांची जखम बांधावयास लावते, तिच्यापासून दूर रहावे.

मग आईबापांनी विचारावे काय? आमच्या मते तीन-चार गोष्टी. काम कोणाच्या देखरेखीखाली? भाषा कोणती, आणि ती शिकण्यास किती वेळ? खर्च कोण करणार? आणि तुमचा मुलगा वा मुलगी तेथून निघाल्यावर ते काम कोण चालविणार? या शेवटच्या प्रश्नावर संस्थेचा माणूस गडबडला, तर तिकीट काढण्याची घाई करू नये.