संगणकाची तक्रार समजून घ्या
नाशिकच्या पावसाळी, दमट दिवसांत डेस्कटॉप सुरू करताना बीप-बीप आवाज आला आणि स्क्रीन काळीच राहिली, तर घाबरू नका. सुरू होताच संगणक स्वतःचे भाग तपासतो. चित्र दिसण्याआधीच दोष आढळला, तर तो आवाजाने कळवतो. या बीपचा अर्थ कंपनीनुसार बदलतो. मदरबोर्डची पुस्तिका पाहावी. अनेकदा रॅम सैल झालेली असते; प्लग काढून ती पुन्हा घट्ट बसवली की काम भागते. तारीख-वेळ सारखी चुकत असेल, तर ३ व्होल्टचा बटन सेल बदलावा. मात्र हार्ड डिस्क निकामी होण्याची ‘स्मार्ट’ सूचना दिसली, तर दुरुस्तीआधी फोटो, हिशेब, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या. डिस्क नवी मिळते, त्यातली माहिती नाही.